कूशी अधिकारी आणि आमच्या चर्चची पायरी



पास्काच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय वाचला जातो. यरुशलेमहून गज्जाकडे जाणारी ओसाड वाट, रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणारा कूशी अधिकारी, आणि त्या रथाबरोबर धावणारा फिलिप्प. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा धडा आम्ही वीस वर्षे घेत आलो आहोत. दरवर्षी एका शब्दापाशी वर्ग हसतो. तो शब्द म्हणजे षंढ. आपल्या मराठी बायबलमध्ये तोच छापलेला आहे, आणि आपल्या भागात तोच शिवी म्हणूनही चालतो.

पंधराएक वर्षांपूर्वी असाच वर्ग हसला आणि चार-पाच पोरांनी एका मुलाकडे बोटे दाखवली. मुलगा हडकुळा, बोलायला मऊ, गळा मात्र असा की नाताळच्या गाण्यांत पहिला आवाज त्याचाच. आम्ही काय केले? "गप बसा रे" म्हणालो आणि पान उलटले. फिलिप्प आणि कूशी पाण्यात उतरतात तिथवर त्या दिवशी आम्ही गेलोच नाही. एवढ्याने आमचे काम झाले असे त्या वेळी वाटले होते.

आज हा धडा जरा सावकाश वाचायचा आहे.

कूश म्हणजे आजच्या सुदानाकडचा, नाईलच्या वरच्या अंगाचा प्रदेश. कांदके हे राणीचे नाव नसून पदवी आहे, आपल्याकडे बेगम किंवा राणीसाहेब म्हणावे तशी. हा माणूस तिचा खजिनदार. राजवाड्यात, जनानखान्यात, खजिन्यावर असे पुरुष नेमायची रीत त्या काळी पुष्कळ राज्यांत होती. ज्याला स्वतःचा वंश नाही तो घराणे उभारायच्या लोभात पडणार नाही, असा त्यामागे हिशेब. आपल्या दख्खनलाही हे नवे नाही. बिदर शहराबाहेर हबशी कोट नावाची टेकडी आहे. बहामनी दरबारात चढलेल्या आफ्रिकी सरदारांच्या कबरी तिच्यावर आहेत. दख्खनच्या दरबारांत हबशीही होते आणि ख्वाजासराही. म्हणून संतपूरच्या मुलांना हा धडा शिकवताना आम्ही सांगतो, बिदरला जाताना ती टेकडी बघा; रथातला तो माणूस आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

हा कूशी यरुशलेमला उपासनेसाठी गेला होता आणि आता परत निघाला होता. लूक एवढेच सांगतो. पण अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात असा माणूस परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा नियम आहे. मग शेकडो कोस तुडवून आलेल्या या माणसाला मंदिरात कुठवर जाता आले असेल? कुठल्या दारापाशी थांबवले असेल? लूक लिहीत नाही, पण परतीच्या वाटेवर तो जे पान वाचत बसला आहे ते दुखावलेल्या माणसाचे पान आहे. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, मुकाट वधाला नेलेल्या मेंढराचा.

तिथून तीनच अध्याय पुढे गेले की यशयाचा छप्पन्नावा लागतो. ज्याच्या मागे लेकरू राहणार नाही त्यालाही देव आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, मुलाबाळांनी मिळते त्याहून मोठे नाव देईल, असे आश्वासन त्यात आहे. यरुशलेममध्ये ज्यूंच्या संहाराचे जे मोठे स्मारक १९५३ साली स्थापन झाले त्याचे याद वाशेम हे नाव याच ओळीतून घेतले आहे. वंशासह पुसल्या गेलेल्यांना जागा आणि नाव द्यायचे, हा त्याचा अर्थ. म्हणजे एकाच पवित्र शास्त्रात नियमही आहे आणि त्या नियमाच्या पुढे गेलेले वचनही. अवघड जाते म्हणून दोन्हींतले एक झाकून शिकवणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात आणखी एक कूशी षंढ आहे, एबद-मलेख. त्याच्यावर प्रवचन क्वचितच ऐकू येते. यिर्मयाला सरदारांनी चिखलाच्या हौदात सोडले होते, आणि यरुशलेमात इतके भक्त असताना राजाकडे जाऊन ही गोष्ट वाईट झाली असे बोलायचे धाडस या परदेशी नोकराने केले. माणसे घेतली, दोर घेतला. आणि हे खास बघा: भांडारातून जुनी फाटकी वस्त्रे आणून त्याने आधी खाली सोडली आणि यिर्मयाला सांगितले की ही काखेत घाल, मग दोर लाव. दोराने म्हाताऱ्याची कातडी सोलू नये एवढा विचार ज्याच्या मनात आला, तो माणूस मंडळीत बसायला मात्र नालायक. आम्ही विहिरीच्या मुलखातली माणसे, दोर काखेत कसा कापतो हे आम्हाला सांगायला नको.

पुन्हा कूश्याकडे. वाटेत पाणी दिसते आणि तो विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला आता अडचण ती कोणती. हा प्रश्न अडवला गेलेल्या माणसाचा आहे. फिलिप्प अट घालत नाही. तुमच्या बायबलमध्ये सदतिसावे वचन कंसात किंवा तळटीपेत दिसेल; विश्वास असेल तर चालेल, असे फिलिप्प म्हणतो ते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाही. मागाहून कुणाला तरी चुकल्यासारखे वाटले असावे, काहीतरी विचारायला हवे होते म्हणून. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस या कूश्याला परराष्ट्रीयांतला पहिला विश्वासणारा मानतो. कर्नेल्याच्या घरी पेत्र गेला ते दोन अध्याय नंतर.

नायसियाच्या परिषदेला २०२५ साली सतराशे वर्षे झाली आणि सगळीकडे तिची आठवण झाली. आपण दर रविवारी म्हणतो तो विश्वासाचा अंगीकार तिथून सुरू झाला. त्याच परिषदेने जे वीस नियम केले त्यांतला पहिलाच नियम षंढांविषयी आहे. वैद्याने आजारात किंवा परक्या लोकांनी जबरदस्तीने ज्याचे अंग कापले, तो योग्य असेल तर त्याने धर्मगुरू म्हणून राहावे. धडधाकट असताना ज्याने स्वतः कापून घेतले त्याने राहू नये. दार अर्धे उघडे, अर्धे बंद. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचे महाधर्माध्यक्ष झालेले संत इग्नेशियस हे एका पदच्युत सम्राटाचे पुत्र. बाप गादीवरून गेला तेव्हा मुलाने पुढे गादीवर हक्क सांगू नये म्हणून लहानपणीच त्यांचे खच्चीकरण केले होते. पूर्वेची आणि पश्चिमेची, दोन्ही ख्रिस्तसभा त्यांना संत मानतात.

लाजेची बाजूही सांगू. युरोपातल्या काही चर्चच्या गायनवृंदांत बायकांनी गाऊ नये म्हणून लहान मुलांचे अंग कापून त्यांचे उंच आवाज टिकवले जात. खुद्द पोपच्या सिस्टिन गायनवृंदात असे गायक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होते. त्यांतला शेवटचा आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारला; त्याच्या आवाजाच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. आवाज हवा होता, माणसाचे काय झाले ते कुणी विचारले नाही. हे वाचताना आम्हाला आमच्या नाताळच्या गाण्यांतला पहिला आवाज आठवला.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. बायबलमधले षंढ, आपल्याकडचे तृतीयपंथी, आणि समलिंगी माणसे हे सगळे एकच नाहीत. एकाच्या शरीराला कुणीतरी हात लावलेला, एकीचे मन आणि जन्माचे शरीर वेगळे, एकाचे प्रेमच वेगळ्या दिशेला. तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालणे हे अज्ञान आहे, आणि वीस वर्षे धर्मशिक्षक असूनही ते आमच्यात होते. तरी मंडळीच्या दारात या सगळ्यांना विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: तू कोणत्या बाजूला बसणार?

आता आपल्या मुलखाचा इतिहास. पेशवाईत आणि दख्खनच्या मराठी राज्यांत हिजड्यांना ठरलेल्या गावांत भिक्षेचा हक्क असे; काहींना सरकारातून रोख नेमणूक, काहींना इनाम जमीनही होती. मानाची म्हणता येणार नाही, पण कागदावर जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या इंग्रज सरकारने असले हक्क चालवायला नकार दिला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात षंढांची नोंदवही ठेवायची तरतूद आली.

आपण मात्र इंग्रजांच्या अमलात नव्हतो. बिदर आणि गुलबर्गा हे निजामाचे जिल्हे. निजामाच्या सरकारनेही १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, त्याच नमुन्याचा कायदा केला. हैदराबाद शहरातल्या, आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणच्या, संशयित हिजड्यांची नावे वहीत चढवायची. बाईच्या वेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसले, गायले, नाचले तर वॉरंटशिवाय अटक. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तरी शिक्षा. पुढे निजामाचे राज्य गेले. १९४८ चा सप्टेंबर आमच्या आजोबांनी पाहिला, १९५६ च्या नोव्हेंबरात आपले जिल्हे म्हैसूर राज्यात आले, त्याचे पुढे कर्नाटक झाले. हा कायदा मात्र तिकडे तेलंगणात पुस्तकात तसाच राहिला. २०१८ साली तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी त्याला आव्हान दिले आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शंभर वर्षे उलटून गेली होती.

इकडे कर्नाटकातही २०११ मध्ये पोलीस कायद्यात षंढांच्या नोंदीचे कलम नव्याने घातले होते. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर काही वर्षांनी त्याची भाषा बदलावी लागली. आणि त्याच कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिले, देशात सर्वांत आधी. त्याच वर्षी बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली. यल्लम्माच्या परंपरेतल्या त्या जोगती, आणि तेव्हा राज्याच्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष होत्या. या जोगतींना परडी आणि भिक्षा यांच्या पलीकडे फार काही मिळत नव्हते हे खरे, आणि त्यात शोषणही होते. पण घरातून हाकललेल्या पोराला देवळाच्या ओसरीवर जागा मिळाली आणि चर्चच्या ओसरीवर मिळाली नाही, हे लिहिताना आमची मान खाली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. त्याआधी, २०१३ च्या डिसेंबरात, तेच न्यायालय उलट बाजूला गेले होते. तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितले की कॅथलिक ख्रिस्तसभेने या माणसांना कधी गुन्हेगार मानलेले नाही. लग्नाविषयीची शिकवण त्यांनी सोडली नाही. आम्हीही वर्गात तीच शिकवतो. पण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५८ वा परिच्छेद याच माणसांना आदराने आणि कळवळ्याने स्वीकारा, अन्यायाचा भेदभाव करू नका, असेही सांगतो, आणि तो आम्ही वर्गात कधी वाचून दाखवला नव्हता. ग्रंथ आमच्या कपाटातच होता.

आपल्या प्रोटेस्टंट भावंडांचेही सांगायला हवे, कारण बिदर जिल्ह्यात मेथडिस्ट मंडळ्या आमच्याहून जुन्या आणि मोठ्या आहेत आणि आमची अर्धी सोयरीक तिकडे. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतातील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने २०१७ मध्ये मानवी लैंगिकता आणि लिंगभाव यांवर धर्मशास्त्रीय लेखांचा संग्रह काढला. त्याआधी, २०१६ च्या अखेरीस, कोचीत तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी शाळा निघाली. तिला जागा कुणी भाड्याने देईना. शेवटी कार्मेल मातेच्या संघाच्या सिस्टरांनी आपली इमारत दिली.

आणि रोमजवळच्या तोर्वायानिका गावची गोष्ट. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रस्त्यावर देहविक्रय करून जगणाऱ्या तृतीयपंथी बायकांची चूल विझली. बहुतेक दक्षिण अमेरिकेतून आलेल्या. त्या गेल्या कुठे, तर गावच्या पॅरिशच्या दारात. तिथल्या फादर आंद्रेआ कोनोक्किया यांनी त्यांना आधी शिधा दिला, मग त्यांची अडचण पोपपर्यंत पोचवली. व्हॅटिकनमधून मदत आली. १९ नोव्हेंबर २०२३ ला, गरिबांच्या जागतिक दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी गरिबांसाठी ठेवलेल्या जेवणाला त्या बायकाही पंगतीत होत्या. फादरांनी मोठे धर्मशास्त्र सांगितले नाही. तांदूळ-तेल विचारायला आलेल्यांना आधी तांदूळ-तेल दिले.

आता संतपूर. तो मऊ बोलणारा मुलगा बारावीनंतर हैदराबादला गेला. घरी पैसे येत राहिले, तो आला नाही. सहा वर्षांनी एका नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ती आली. आधी तो आणि आता ती लिहिले आहे, ते चुकून नाही. हिरवी साडी, बरोबर दोन मैत्रिणी. आपल्या चर्चमध्ये पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मध्ये सतरंजीची पट्टी. ती दारात थांबली. डावीकडून कुणी सरकले नाही, उजवीकडून कुणी हाक मारली नाही. तिची आई उजवीकडे तिसऱ्या ओळीत होती आणि तिने मागे वळून पाहिले नाही. का पाहिले नाही हे आम्हाला कळते. एक जाणते गृहस्थ उठून दाराशी गेले आणि हळू आवाजात काही बोलले. मग त्या तिघी चपलांशेजारी पायरीवर बसल्या. डिसेंबरातली थंडी. आम्ही पेटीशेजारी उभे होतो, सगळे दिसत होते, आणि आम्ही पुढचे गीत सुरू केले.

गेल्या वर्षी तिची आई वारली. मातीला तिला वेळेवर पोचता आले नाही. यंदा वर्षश्राद्धाचा मिस्सा ठरला तेव्हा तिचा आम्हाला फोन आला. बाकी काही बोलली नाही. "मास्तर, म्या येऊ, पण बसावं कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला पॅरिश समितीची बैठक घ्यावी लागली, हेच मुळात वाईट. बैठक दोन तास चालली. मुलांवर परिणाम होईल, लोक काय म्हणतील, शेजारच्या गावची मंडळी हसेल. आम्ही आठवा अध्याय वाचला. एकाने विचारले की कूश्याने नंतर साडी नेसली होती का, आणि काही जण हसले, वर्गातल्या पोरांसारखे. या वेळी आम्ही पान उलटले नाही. फादर शेवटपर्यंत ऐकत होते. शेवटी तिची मोठी मावशी बोलली. ती समितीत नाही, चहा द्यायला आली होती. "लेकरू माझ्या बहिणीचं हाय. माझ्या मांडीला मांडी लावून बसंल. ज्याला नको त्यानं त्या दिवशी दुसऱ्या गावच्या चर्चला जावं." यावर कुणी ठराव मांडला नाही. मावशी कपबशा गोळा करून निघून गेली.

ती शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी मावशीशेजारी, उजवीकडे, तिसऱ्या ओळीत बसली. तीन घरची माणसे आली नाहीत. त्यांतले एक घर आमच्या चुलत भावाचे. पहिल्या गीताला ती गप्प होती. दुसरे गीत तिच्या आईच्या आवडीचे होते, तेव्हा गायली. आवाज आता खालच्या पट्टीत गेला आहे, पेटीची पट्टी आम्हाला बदलावी लागली. मिस्सानंतर फादर मावशीच्या घरी चहाला गेले आणि बराच वेळ बसले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

निघताना बसथांब्यावर तिने आम्हाला त्या दिवशीच्या वर्गाविषयी विचारले. धडा अर्धाच राहिला होता, पुढे त्या माणसाचे काय झाले? आम्ही सांगितले की तो पाण्यातून वर आला आणि आनंद करत आपल्या वाटेने गेला. "आणि फिलिप्प?" आम्ही म्हणालो, फिलिप्पाला आत्म्याने तिथून उचलून दुसरीकडे नेले, त्याची अजून बरीच गावे राहिली होती. बिदरची बस आली. पिशवीतला मावशीने दिलेला ज्वारीचा पिठाचा डबा तिने आधी आत ठेवला आणि मग ती चढली.